दिसतो माणूस, दिसत नाही परिस्थिती

मनःस्वास्थ्य हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात सामाजिक मानसशास्त्र (माणसं एकमेकांबद्दल कसा विचार करतात, कशी वागतात याचा अभ्यास) कशाला, असं काही जण विचारतात. मला हे पटत नाही. बराचसा मनस्ताप दुसऱ्याच्या वागण्याचा आपण जो अर्थ लावतो, त्यातूनच होतो.

१९६७ साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्युबाचे नेते फिदेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू ठरवून दिली होती हे सांगूनही, मनातून तो त्याच मताचा असणार असं वाचणाऱ्यांना वाटत राहिलं. म्हणजे माणूस दिसला, त्याची परिस्थिती दिसली नाही. रोजच्या जगण्यात माझंही असंच होतं.

मागे मी बहिणीला मेसेज केला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. दिवसभर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. "हिला आपली किंमतच नाही." रात्री तिचा फोन आला, आवाज पार थकलेला. सकाळपासून लेकराला ताप होता. माझं उत्तर द्यायचं राहिलं की मला कामाचं कारण लगेच सापडतं, तिला मात्र ती सवलत मी दिलीच नव्हती.

(सतत दुखावणाऱ्या माणसालाही समजून घेत बसा, असं मी अजिबात म्हणत नाहीये.)

हल्ली राग आला की आधी विचारते, "काय झालं गं? सगळं ठीक ना?"