आईला रामरक्षेनं धीर येतो, तो नेमका कशामुळे?

चहाबिस्कीट
बाबांची बायपास चालू होती. बाहेर मी मोबाइलवर गुंतागुंतीचे टक्के शोधत बसलेले, आई शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय. एक संपली की परत पहिल्यापासून. दुपारी माझे हातपाय गार, आणि ही डबा उघडून "दोन घास खाऊन घे" म्हणते! घाबरलेली तीही होतीच, पण तिला एका जागी बसता येत होतं. मी देव मानत नाही, पुढेही मानेन असं वाटत नाही. 'श्रद्धा असते एकेकाची' हे उत्तर कृपया नको. हे घडतं कसं? आणि न मानणाऱ्याला यातलं काही उचलता येईल का?

वेसावकर
मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. तिथले लोक प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात मासे मारताना कसलेच मंत्र म्हणत नसत. भर समुद्रात जायचं असलं की मात्र सगळे विधी. मला हे वाचून हसू आलं, कारण आमच्या कोळीवाड्यातही तेच. इंजीन बिघडलं तर मेकॅनिक, वादळ आलं तर एकवीरा आई. आजी नारळी पौर्णिमेला नारळ वाहायची, पण जाळं फाटलं तर देवाला सांगत बसायची नाही, स्वतः सांधायची. थिएटरबाहेर तुमच्या आईच्या हातात करण्यासारखं दुसरं काय होतं?

ठेका_त्रिताल
श्वास बघा. लुचानो बेर्नार्दी यांच्या गटानं २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली आवे मारिया आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला (ब्रिटिश मेडिकल जर्नल, २००१). दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. रामरक्षा त्यात नव्हती, पण तिचा अनुष्टुभ छंद संथ म्हटला तर श्वास आपोआप लांबतो. शिवाय रामरक्षेतलं कवच डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावावर सोपवत जातं, हृदयसुद्धा. लक्ष तिकडे गुंतलं की टक्के मोजायला उरतं कोण? तुम्ही पाढे म्हणा हवं तर. श्वास लांबेल, पण लहानपणची तिन्हीसांज त्यात कुठून येणार?

रात्रपाळी
मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी १,८०२ बायपास रुग्णांवर अभ्यास केला, २००६ साली छापून आला. 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार' असं ज्यांना नक्की सांगितलं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. प्रार्थना झाली पण तसं सांगितलं नव्हतं, त्यांच्यात ५२. योगायोग असू शकतो, हे खुद्द संशोधकांनीही म्हटलंय. पण 'नवस फेडायचा राहिला म्हणून हे झालं' असं म्हणत कोसळणारे नातेवाईक मी पाहते. देव सोबत आहे म्हणणारा सावरतो, देव शिक्षा करतोय म्हणणारा आणखी खचतो. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम यावरच आहे.

चहाबिस्कीट
आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "रामाचं राम बघेल. तोंड चालू असलं की रडू येत नाही, एवढंच." बाबा बरे आहेत, मिठावरून भांडतात. रात्रपाळीताई, नवसाचं अगदी खरं. आत्यानं परस्पर तुळजापूरचा नवस बोलून ठेवलाय आणि तो कुणी फेडायचा यावर घरात आत्ताच दोन तट पडलेत.