खुब्याची आर्थ्रोस्कोपी: १२ आठवडे झाले, आता धावू द्यायचं का?

ऋतुगंधा
आर्थ्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, कॅमचं (मांडीच्या हाडाच्या मानेवरचं) वाढलेलं हाड घासून लॅब्रम (खुब्याच्या खोबणीची मऊ कड) शिवला की पेशंटच्या हातात एक कागद येतो: ३ आठवड्यांनी कुबड्या सोडा, १२ आठवड्यांनी धावा. माझ्या मते निर्णय या कागदावरून होऊच नये. पेशंटला ऑपरेशनच्या पायावर उभं करा. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली तर ग्लूटियस मिडियस (खुब्याच्या बाजूचा, कंबर सरळ धरणारा स्नायू) अजून भार पेलत नाही. मग तिसरा आठवडा असो की सहावा, एक तरी कुबडी हवीच. लचकत चालत राहिलं की सोअस (जांघेतून जाणारा, मांडी वर उचलणारा स्नायू) जादा राबतो आणि जांघ दुखायला लागते. धावण्याआधी ३० मिनिटं भरभर चालून दुखता कामा नये, एका पायावर पायरी उतरताना गुडघा आत वळता कामा नये, आणि पाय बाहेर नेण्याची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी हवी. हे जमत नसेल तर विसावा आठवडासुद्धा लवकरच.

सांधेजोड
साफ असहमत. ताकद लवकर येते, शिवण तेवढ्या लवकर धरत नाही. घासलेली मांडीच्या हाडाची मान काही काळ कमजोर असते, म्हणून तर सुरुवातीला पाऊल सपाट टेकवून साधारण १० किलोच भार द्यायचा. तोही अंदाजाने नको. वजनकाट्यावर पाय ठेवून काटा १० वर येईपर्यंत दाबायला लावा, हाताला तो दाब कळतो. मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला पाडलेली बारीक भोकं) केलं असेल तर हेच ६ ते ८ आठवडे. कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) शिवली असेल तर पहिले काही आठवडे पाय मागे नेणं आणि बाहेर वळवणं बंद. झोपेत पाऊल बाहेर कलंडतं, त्याला उशीचा टेकू लागतो. एखादा तगडा फुटबॉलपटू तुमच्या चाचण्या सातव्या आठवड्यातच पास होईल. त्याला सोडणार का मैदानावर?

ऋतुगंधा
नाही सोडणार. त्याआधी नाही, एवढ्यापुरती तारीख मान्य. पण पेशंट ती परवानगी म्हणून वाचतो, माझा राग त्यावर आहे.

मोजपट्टी
ऋतुगंधाताई, ते ९० टक्के फसवं आहे. वर्षभर दुखण्यामुळे दुसरा पायही सुकलेला असतो, शिवाय कॅम बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो. दोन कमजोर पाय सारखे निघाले तर काय कळलं? ताकद शरीराच्या वजनाशी ताडून बघा. आणि डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) हाताने धरून तगड्या पेशंटची ताकद मोजू नका. तपासणाऱ्याचाच हात मागे सरतो आणि आकडा कमी येतो. पट्ट्याने बांधा. घोट्याच्या वर ५ सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि दर वेळी तिथेच लावा.

पायरीपायरीने
धावणं राहू द्या, पहिल्या महिन्यातच घोळ होतो. गुडघ्याच्या व्यायामांचा छापील कागद खुब्याच्या पेशंटला दिला जातो आणि त्यात पहिलाच व्यायाम असतो पाय सरळ ठेवून उचलणे. पूर्ण पायाचं वजन लांब तरफेवर, सगळा ताण सोअस आणि सांध्याच्या पुढच्या भागावर. पहिले ४ ते ६ आठवडे तो नकोच. त्याऐवजी ग्लूट (कुल्ल्याचे स्नायू) आवळून ५ सेकंद धरणं, सीट उंच करून बिनभाराची सायकल, आणि घरच्या माणसाने गुडघा वाकवून पाय धरून लहान गोल फिरवणं, दोन्ही दिशांना. पेशंटने पाय पूर्ण ढिला सोडायचा. याने आत चिकटपणा धरत नाही. हे टाळलं की तिसऱ्या महिन्यात खुबा आखडलेला, आणि मग ताकदीच्या गप्पा व्यर्थ.

सांधेजोड
हे शंभर टक्के.

मोजपट्टी
आपल्याकडे धावण्याआधी प्रश्न येतो मांडी घालण्याचा आणि उकिडवं बसण्याचा. तो चाचणीत का नाही?

सांधेजोड
कारण काहींच्या हाडाची ठेवणच अशी असते की ऑपरेशनआधीही त्यांना खोल बसता येत नव्हतं. अशांना ती कसोटी लावली तर ते जोर करून बसतील आणि शिवलेला लॅब्रम चिमटीत येईल. सुरुवातीला कमोडच. पुढे स्टुलाची उंची हळूहळू कमी करत जा आणि जांघेत चिमटा येईल तिथे थांबा.