मदत हवी आहे: प्रोग्रामर निवडताना तांत्रिक चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

जळगावात आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी असून रावेर-यावल भागातील केळी व्यापारी आणि शहरातील डाळ मिल यांच्यासाठी आम्ही हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करतो. पुढील महिन्यात दोन प्रोग्रामर घ्यायचे आहेत, आणि मागच्या भरतीत माझ्या हातून झालेली चूक पुन्हा होऊ नये, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

त्या वेळी आम्ही तिघे समोर बसायचो आणि उमेदवाराने फळ्यावर लिंक्ड लिस्ट (एकीला पुढची जोडलेली अशा नोंदींची यादी) उलटी करून दाखवायची, अशी चाचणी होती. चोपड्याहून आलेल्या एका मुलीचा हात तिसऱ्या ओळीवर थांबला, तो पुढे सरकलाच नाही. आम्ही तिला नकार दिला. त्याच संध्याकाळी परतीच्या एसटीत बसून तिने मोबाईलवर लिहिलेले उत्तर मला मेलने पाठवले. ते अचूक होते. यादी रिकामी असेल तर काय करायचे, हेही तिने हाताळले होते. ज्याला घेतले त्याने फळ्यावर सगळे झरझर सोडवले होते, परंतु केळीच्या हिशेबपट्टीतील बेरीज एका पैशाने का चुकते, हे त्याला दोन दिवस उमगले नाही. रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात, साठवल्या होत्या, आणि त्यात ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. आमच्याकडे असे दोष नेहमी निघतात. लिंक्ड लिस्ट उलटी करण्याची वेळ मात्र आजवर आलेली नाही.

नंतर वाचनात आले की नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला होता. परीक्षक समोर बसून पाहत असताना विद्यार्थ्यांची कामगिरी, एकट्याने सोडवणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्याहूनही खाली गेली. ते वाचून त्या मुलीचा थांबलेला हात डोळ्यांसमोर आला आणि फार वाईट वाटले.

आता असा विचार आहे: आमच्याच जुन्या प्रोग्रामचा छोटा तुकडा द्यावा, त्यात तीन दोष असावेत, उमेदवाराने स्वतंत्र खोलीत ९० मिनिटे काम करावे आणि इंटरनेट खुले ठेवावे. त्यानंतर अर्धा तास त्याच कोडवर बोलावे, तेही मराठीत किंवा अहिराणीत, कारण इंग्रजी अडखळले की आमच्याकडची चांगली मुलेही गप्प होतात. घरी सोडवायचे काम देणे मी टाळतो आहे; अनेकांकडे स्वतःचा लॅपटॉप नसतो.

एआय सहायक वापरू द्यावा का, याचा निर्णय होत नाही. माझा कल वापरू देण्याकडे आहे, मात्र बोलताना एखादी अट बदलून तिथेच दुरुस्ती करायला सांगावी, असे वाटते. दुसरी अडचण गुणांची: मागे एकाच उमेदवाराला आम्ही तिघांनी अगदी वेगवेगळे गुण दिले होते. दोष शोधण्याच्या चाचणीत गुण कशाकशाला आणि किती द्यावेत, याचा तक्ता ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया तो इथे द्यावा.