ड्रॉ कंटाळवाणा होता?
कोणीतरी लिहिलंय की २०१३च्या चेन्नईच्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या मॅचमधला विश्वनाथन आनंद-मॅग्नस कार्लसनचा पहिला गेम म्हणजे १६ चालींत मिटवामिटवी, मला नाही पटत. पांढऱ्याने खेळणाऱ्या कार्लसनने घोडा एफ३ घरावर, मग प्यादं जी३ला असं शांत ओपनिंग (सुरुवात) घेतलं, पण ११व्या चालीला प्यादं सी५ला ढकललं आणि आनंदला सी४चं घर आयतं मिळालं, त्याचा घोडा तिथे बसल्या बसल्या कार्लसनचा बी२चा उंट मुकाट्याने सी१ला परत, म्हणजे दोन टेंपो (चाली) पाण्यात! मग कार्लसनचा वजीर बी३, आनंदचा घोडा ए५, वजीर ए३, घोडा सी४ हीच ये-जा. काळ्याने खेळणाऱ्या आनंदला इतक्या सहज बरोबरी मिळाली की माझ्या मते तरी ड्रॉचा अर्धा पॉइंट वाचवला तो पांढऱ्यानेच. दुसऱ्या गेमची कॅरो-कान (काळ्याचं एक ओपनिंग) मात्र खरंच रटाळ, २५ चालींत खेळ खल्लास.