मदत हवी आहे: बारा वर्षांनी बाहेरून बीए करायचंय. मुक्त विद्यापीठ, इग्नू की ‘वन सिटिंग’वाला?

सातपुड्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ३२. बारावी आर्ट्स झाली, एफवायबीएला नाव घातलं, चार महिने कॉलेजात गेले आणि दिवाळीत लग्न ठरलं. तेव्हापासून हातात पुस्तक आलं ते लेकीचं, नाहीतर अंगणवाडीची रजिस्टरं.

आता पदवी करायची आहे. मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते, हे एक कारण. दुसरं कारण मला नीट सांगता येणार नाही, पण आहे.

रोज कॉलेजला जाणं शक्य नाही. कॉलेजची वेळ आणि अंगणवाडीची वेळ एकच, म्हणून तो विचार सोडला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र एसटीने तासाभरावर आहे. त्यांचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’, पण आमच्याकडे येता येता ती गंगा तापीच्या पलीकडेच अडकते की काय असं वाटतं. एक भाचा म्हणतो इग्नू (दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) कर, नाव मोठं आहे.

आणि तिसरा एक माणूस. तालुक्याच्या गावी त्याचं ऑफिस आहे, काचेचं दार, एसी, भिंतीवर दहा-बारा विद्यापीठांचे लोगो. तो म्हणतो, ताई, तुम्ही फक्त आधार आणि बारावीची झेरॉक्स द्या. परराज्यातलं खासगी विद्यापीठ आहे, ‘वन सिटिंग’मध्ये तीन वर्षांचं बीए एका वर्षात, पेपरची काळजी आमची. पस्तीस हजार. इंजिनिअरिंगसुद्धा करून देतो म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी टोकन म्हणून दोन हजार देऊन आलेय. घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाही.

आता माझ्या अडचणी. जाऊबाई म्हणतात, बाहेरून केलेलं बीए कोण विचारतं? मोबाईल एकच, त्यात अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप. पीडीएफ उघडायला गेलं की ‘स्टोरेज फुल’, मग लेकीचे फोटो डिलीट करत बसा. संध्याकाळी भाकरी थापून होईस्तोवर साडेआठ, नंतर डोळ्यांवर झोप. घरात बसून शिकणं खरंच जमतं का कोणाला? फायदे-तोटे दोन्ही सांगा, नुसता धीर नको.

केळीवाला_रावेर

ताई, आधी ते दोन हजार परत मागा, बाकीचं मग.

माझ्या आतेभावाने असंच बीकॉम ‘घेतलं’ होतं. गुणपत्रिका आली, होलोग्रामसकट. घरी पेढे वाटले. दोन वर्षांनी नोकरी लागली, कागदपत्रं पडताळणीला गेली आणि विद्यापीठाकडून उत्तर आलं की या क्रमांकाचा विद्यार्थी आमच्याकडे नाही. नोकरी गेली ती गेली, वर पोलिसात जबाब देऊन आला. एजंटच्या ऑफिसात आता मोबाईलचं दुकान आहे.

नियम साधा आहे. पदवी दूरस्थ असो की कॉलेजची, तीन वर्षांची एका वर्षात होत नाही. ‘वन सिटिंग’ नावाचा प्रकार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कुठल्याच नियमात नाही. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं अभ्यासकेंद्र थाटता येत नाही, फ्रँचायझी तर कोणालाच देता येत नाही. आणि तो इंजिनिअरिंगचं म्हणाला ना, तिथेच ओळखायचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर बडगा उगारला, तेव्हा नोकरीत असलेल्या लोकांचीही झोप उडाली होती. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, वकिली हे घरबसल्या होत नाही, विषय संपला.

यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. विद्यापीठाचं नुसतं नाव बघू नका. तुमचा कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष, दोन्ही त्यात हवं.

शेवभाजी_धुळे

ताई, हाई काम खोटं शे. वरच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत.

जाऊबाईंना सांगा, मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केलंय. एमपीएससीचा फॉर्म भरताना तुम्ही वर्गात बसून शिकलात की चुलीपुढे, असा रकाना नसतो.

अमळनेरकर

ताईंनी नुसता धीर नको म्हटलंय, म्हणून तोट्याचं मी सांगतो. मी एमए दूरस्थ पद्धतीने केलं, मार्केटमधल्या दुकानात दिवाणजीचं काम करता करता. पास झालो, ५३ टक्के. सेटला (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेला) खुल्या प्रवर्गाला एमएला ५५ लागतात. दोन टक्क्यांनी दार बंद.

विद्यापीठाला दोष देत नाही. झालं असं की दोन वर्षांत माझं लिहिलेलं कोणी वाचलंच नाही. स्वाध्याय जमा करायचो, परत आला की पहिल्या पानावर एक टिकमार्क, शेवटच्या पानावर सही, मधे काही नाही. एकदा मुद्दाम एका उत्तराच्या मधे आमच्या दुकानातला तुरीचा भाव लिहिला होता. त्यालाही टिकमार्क. मी समजत होतो माझी उत्तरं झकास आहेत, कारण चूक आहे असं कोणी म्हणतच नव्हतं. वर्गात निदान शेजारच्याची वही बघून कळतं की आपण कुठे आहोत.

पुस्तकं उशिरा येतात, केंद्रावर फोन उचलत नाहीत, या तक्रारी होतात आणि विसरल्याही जातात. एकट्याने लिहीत राहणं हे मात्र भोवतं.

निवृत्त_गुरुजी_शिरपूर

अमळनेरकरांच्या तुरीच्या भावावर हसलो आणि वाईटही वाटलं. कारण मी टेबलाच्या पलीकडचा. नोकरीत असताना बरीच वर्षं मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे तिथला शिक्षक, म्हणून जात होतो. ऐंशी स्वाध्यायांचा गठ्ठा आणि मानधन किती हे विचारू नका. टिकमार्क मीही केलेत.

सौ. ताई, संपर्कसत्राचं, म्हणजे केंद्रावरच्या रविवारच्या वर्गाचं, चित्र सांगतो. पहिल्या रविवारी चाळीस जण. तिसऱ्या रविवारी सहा. एक एसटीचा कंडक्टर होता, दोन होमगार्ड, एक पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाई. त्या बाई पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणायच्या, तरी पानापानांत पीठ. गिरणी सुरू असताना दळणाच्या डब्यावर पुस्तक ठेवून वाचायच्या. त्यांनी बीए साडेचार वर्षांत केलं. मधे एक वर्ष पेपर दिलेच नाहीत, मुलीचं बाळंतपण होतं. कॉलेजात हे झालं असतं तर नाव कटलं असतं. दूरशिक्षणाचा खरा फायदा हा आहे, मधेच थांबता येतं. इग्नूलाही तीन वर्षांचं बीए सहा वर्षांपर्यंत पुरं करता येतं. पण ही सवलतच अनेकांना बुडवते. ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणत म्हणत मुदत संपते, आणि ओरडायला वर्गशिक्षक नसतो.

आता पुस्तकांचं. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं स्वयंअध्ययनासाठीच लिहिलेली असतात. घटकाच्या मधेमधे छोटे प्रश्न असतात, मागे उत्तरं असतात. शिक्षक पुस्तकातच बसवलेला असतो म्हणा ना. नव्वद टक्के विद्यार्थी (हा माझा डोळ्यांचा अंदाज) ते प्रश्न ओलांडून पुढे जातात आणि मग परीक्षेच्या आठवड्यात बाजारातलं गाईड आणतात. तुम्ही तसं करू नका. प्रश्न आला की पुस्तक पालथं घाला आणि कागदावर लिहा.

इग्नू चांगलंच आहे, १९८५ पासूनचं. स्वाध्यायाला तिथे साधारण ३० टक्के वजन, परीक्षेला ७०, आणि प्रवेश जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा. पण साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. तुमची बारावी मराठी माध्यमातली असेल तर नाशिकचं बरं, नाव मोठं की छोटं याचा विचार करू नका.

आणि लिहिण्याचा सराव. बारा वर्षं रजिस्टरात वजन-उंचीचे आकडे भरणाऱ्या हाताला तीन तासांचा पेपर झेपत नाही. दुसऱ्या तासाला बोटं आखडतात. मी पाहिलंय, चांगली तयारी असलेल्या बायका शेवटचा प्रश्न सोडून उठतात. रोज अर्धा तास, घड्याळ लावून, एकच उत्तर. ते कोणाला तरी वाचायला द्या. गावात एखादे सेवानिवृत्त शिक्षक असतीलच. आम्हा लोकांना वेळ भरपूर असतो आणि लाल पेनची खाज गेलेली नसते.

एक_मुख्यसेविका

ताई, मी याच वाटेने आले, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रकल्प कार्यालयात बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या की मी अमुक पदवीला प्रवेश घेतेय, आणि त्याची पोच घ्या. परीक्षेच्या दिवसांत रजा मागताना ती पोच कामी येते. तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की संपतं.

पदाची जाहिरात निघते तेव्हा वयाची आणि अनुभवाची अट नीट वाचा. नुसत्या पदवीने काम होत नाही. माझी पदवी वेळेत झाली म्हणून मी बसले, माझ्याबरोबरच्या दोघींचं वय निघून गेलं. म्हणजे थांबता येतं हे खरं, पण तुम्ही थांबू नका.

मोबाईलचं म्हणाल तर पीडीएफच्या नादी लागूच नका. छापील पुस्तकं मागून घ्या. उन्हाळी परीक्षा असली तर आपल्याकडे पारा ४५ ला असतो, केंद्रावर पंखा असेलच असं नाही. ओला रुमाल आणि पाण्याची बाटली. मी एक पेपर उत्तरपत्रिकेखाली रुमाल घालून दिलाय, घामाने शाई फुटत होती.

घरातल्यांचं कोणी बोललं नाही. कॉलेजला जाणारी बाई दिसते, एसटीत चढते, उतरते. घरात वाचत बसलेली बाई रिकामी दिसते. मी पुस्तक उघडलं की सासूबाईंना नेमकी मेथी निवडायची आठवण व्हायची. शेवटी मी अंगणवाडी सुटल्यावर तिथेच एक तास बसायला लागले. आतून कडी लावून.

केळीवाला_रावेर

कडी! हे सगळ्यात भारी.

जळगावचा_पोरगा

थोडं अवांतर. २०२२ पासून एका वेळी दोन पदव्या करायला यूजीसीची परवानगी आहे, एक कॉलेजात आणि एक दूरस्थ चालते. मी कबचौउमविच्या (आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या) कॉलेजात बीएस्सी करतोय आणि सोबत दूरस्थ बीए. प्रॅक्टिकल असलेला विषय घरी शिकता येत नाही, इतिहास मात्र मजेत होतो. ताई, ऑनलाइन अर्जासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा क्रमांक) मागतात का ते आधी केंद्रात विचारून घ्या. मागत असतील तर ते आधी काढा, स्वतः काढा. सायबर कॅफेवाल्याला ओटीपी देऊ नका.

सातपुड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. काचेच्या दाराचा माणूस आधी म्हणाला टोकन परत मिळत नसतं. मी म्हटलं बरं, मग विद्यापीठाचं नाव आणि मान्यतेचं पत्र लिहून द्या, मी यूजीसीला विचारते. पाणी मागवलं, बसा म्हणाला, आणि दीड हजार परत दिले. पाचशे ‘प्रोसेसिंग’चे. जाऊ देत, पाचशेत सुटले.

तिथूनच अभ्यासकेंद्रावर गेले. लिपिक चांगले निघाले, पुस्तकं दाखवली. एक उघडून मधला प्रश्न वाचला. गुरुजी, उत्तर आलं नाही, पण प्रश्न कळला. जुनं एफवाय विसरा, पहिल्या वर्षापासून या म्हणाले. मला चालतंय, त्या चार महिन्यांतलं तसंही काही आठवत नाही.

आमच्या शेजारच्या गावची सेविकाही सोबत नाव घालतेय. आम्ही एकमेकींची उत्तरं तपासणार. अमळनेरकर दादा, मी तुरीचा भाव लिहिला तर ती नक्की पकडेल, तिच्याकडे तूरच आहे.

पण आता नवीनच अडचण. आधारवर माझं सासरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. एबीसी आयडी एका नावाने निघाला, अर्ज दुसऱ्या नावाने भरावा लागतोय. लिपिक म्हणाले, जुळत नाही. काय करू?

एक_मुख्यसेविका

आपल्या सगळ्या बायकांचं इथेच अडतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, दोन्ही नावं त्यात येतात. राजपत्र वगैरे लागतंच असं नाही, आधी प्रमाणपत्र घेऊन केंद्रावर दाखवा. गावात ग्रामसेवकाकडे नोंदणी होते. दोघांनी स्वतः जायचं, सोबत तीन साक्षीदार, आणि लग्नपत्रिका असेल तर उत्तम.

सातपुड्याची_लेक

पत्रिका सापडली, ट्रंकेच्या तळाशी, हळदीचे डाग तसेच आहेत. सोमवारी दोघं जातोय. साक्षीदार म्हणून दीर, शेजारचे काका आणि जाऊबाई.

जाऊबाई स्वतःच म्हणाल्या, मी येते सही करायला.