अवघड विद्यापीठातला ३.२ : चांगला की जेमतेम?

आडमुठा

‘जीपीए (सगळ्या श्रेणींची ४ पैकी सरासरी) ३.७ च्या खाली गेला की संपलं’ असं हल्ली कुणीही उठून सांगतं, आणि ऐकणाऱ्या पोरांची झोप उडते. माझं मत उलटं आहे. अभ्यासक्रम खरोखर कस काढणारा असेल, तर ४ पैकी ३.२ ते ३.४ हा चांगला निकाल आहे. त्यासाठी तोंड लपवायची काही गरज नाही.

हा आकडा तयार कसा होतो ते आधी बघा. समजा एका सत्रात चार विषय. गणित ४ क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), त्यात बी मायनस, म्हणजे २.७. भौतिकशास्त्रही ४ क्रेडिटचं, त्यात बी, ३.०. निबंधलेखन ३ क्रेडिट, ए, ४.०. प्रयोगशाळा १ क्रेडिट, ए मायनस, ३.७. ज्याची त्याची श्रेणी क्रेडिटने गुणायची, बेरीज येते ३८.५, तिला १२ ने भागायचं. उत्तर ३.२१. आता याच मुलीने गणित टाळून त्या जागी तितक्याच क्रेडिटचा एखादा सोपा विषय घेतला आणि त्यात ए आणला, तर सरासरी थेट ३.६४. डोकं तेच, घाम कमी, आकडा चढा! मग ३.६४ वाली हुशार आणि ३.२१ वाली ढ म्हणायची का?

रोखठोक

सपशेल असहमत. हिशोब बरोबर आहे, पण तो वाचतो कोण? अर्ज चाळणाऱ्यापुढे ढीग असतो आणि ढिगाची पहिली चाळण आकड्यानेच होते.

‘विद्यापीठ अवघड आहे हे त्यांना कळतं की’ अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. २०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला होता. प्रवेशाच्या कामात मुरलेल्या माणसांपुढे काल्पनिक अर्ज ठेवले आणि प्रत्येक संस्थेत सरासरी किती गुण पडतात हेही सोबत दिलं. म्हणजे कुठे हात सैल आहे आणि कुठे आवळलेला, हे समोर लिहिलेलं होतं. तरी झुकतं माप मिळालं सैल हाताच्या संस्थेतल्या चढ्या आकड्यालाच. माहिती नसल्यामुळे चूक झाली असती तर समजू शकलो असतो. इथे माहिती असूनही झाली.

वैद्यकीयचं तर विचारूच नका. अमेरिकेत एमडीला (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरीच ३.७ च्या वर असते. तिथे ३.२ घेऊन ‘माझं गणित फार अवघड होतं हो’ सांगून बघा.

शंकासुर

दोघांनाही एक प्रश्न. अवघड म्हणजे नक्की काय? आत शिरायला अवघड, की आत गेल्यावर ए मिळवायला अवघड? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर दोन्हींची भेसळ झाली आहे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिरणं महाकठीण, यावर दुमत नसावं. पण २०२२-२३ मध्ये तिथे पदवीच्या मुलांना दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ७९ टक्के ए किंवा ए मायनस होत्या. तिथला ३.२ म्हणजे ‘खडतर विद्यापीठातला चांगला निकाल’ नव्हे, वर्गाच्या बराच मागे राहिल्याची खूण. उलट ज्या अभियांत्रिकी विभागात अर्ध्या वर्गाला बी आणि त्याखालीच मिळतं, तिथे तोच ३.२ मधल्या माणसाच्या पुढचा. तेव्हा आडमुठे यांचं ‘३.२ ते ३.४ चांगला’ हे विधान विद्यापीठाचं नाव बघून नाही, श्रेणींची वाटणी बघून तपासायला हवं. नाव मोठं आहे म्हणून सूट मागता येणार नाही.

आडमुठा

@शंकासुर, मान्य, आणि म्हणूनच ‘खरोखर कस काढणारा’ हे शब्द घातले होते. पण तुमच्या मुद्द्याने माझीच बाजू बळकट होते. आकडा एकटा काही सांगत नाही, शेजारी वर्गाचा मध्य हवा. तिथल्याच डार्टमथ कॉलेजच्या गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या श्रेणीसोबत त्या वर्गाची मध्यक (बरोबर मधली) श्रेणी आणि वर्गात किती जण होते तेही छापतात. सगळीकडे असं का नाही करत?

रोखठोक

कारण केलं की काय होतं ते कॉर्नेल विद्यापीठाने बघितलं आहे. १९९८ पासून त्यांनी प्रत्येक विषयाची मध्यक श्रेणी इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. उद्देश तुमचाच, आकड्याला संदर्भ मिळावा. पोरांनी ती यादी उघडली आणि ए वाटणारे विषय शोधून काढले! त्यावर पुढे संशोधन झालं, त्यातही कल सैल विषयांकडे वळल्याचं दिसलं. २०११ मध्ये यादी टाकणं बंद. पारदर्शकतेने माणसं शहाणी होतात, पण कुठल्या दिशेने हे आपल्या हातात नसतं.

खडूधारी

बरीच वर्षं शिकवलं आणि पेपर तपासले, म्हणून टेबलाच्या पलीकडून चार शब्द.

अवघड विषयाच्या परीक्षेत वर्गाची सरासरी शंभरात ४२ येणं ही नवलाची गोष्ट नाही. पेपर मुद्दाम तसाच काढलेला असतो, वरच्या पोरांमधला फरक दिसावा म्हणून. अशा वेळी ५८ वाल्याला ए मायनस जातो आणि ४२ ला बी किंवा बी मायनस. ती मधली रेषा कुठे ओढायची हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नसतं. गुण उतरत्या क्रमाने मांडायचे, कुठे मोठी फट दिसते ते बघायचं आणि तिथे रेघ मारायची. ४९ आणि ५० च्या मध्ये रेघ आली तर ४९ वाला दारात उभा राहणार हे ठरलेलं, म्हणून फट शोधायची. तुमच्या ३.२१ मधला तो शेवटचा १ या रेघेतून येतो. त्यावर इतकी भांडणं करू नयेत असं मला वाटतं, पण करतात.

दुसरं, हात आवळायला शिक्षक का कचरतात तेही सांगतो. अमेरिकेतल्या वेल्सली या मुलींच्या कॉलेजने २००४ मध्ये नियम केला की खालच्या पातळीच्या, किमान दहा विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरी बी प्लसच्या, म्हणजे ३.३३ च्या, वर जाता कामा नये. ज्या विभागांत आधी सढळ गुण मिळत तिथली विद्यार्थिनींची संख्या घटली, आणि प्राध्यापकांना मिळणारे अभिप्रायही खालावले. ज्याची बढती त्या अभिप्रायांवर अवलंबून आहे, तो कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?

वाटाड्या

तिकडे ब्रिटनमध्ये ७० टक्के गुण पडले की फर्स्ट, म्हणजे सर्वात वरचा वर्ग, मिळतो आणि लोक पेढे वाटल्यासारखं तोंड करून फिरतात. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. ‘जीपीए ४’ ऐकून तिथला माणूस सांत्वनाला येईल. :)

आडमुठा

@रोखठोक, तुम्ही चाळणीचं सांगता, पण चाळण्या किती आणि त्यांची भोकं केवढी तेही बघा ना. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी २.० च्या खाली गेलं की ताकीद मिळते. बऱ्याच पदव्युत्तर विभागांची किमान अट ३.० असते. म्हणजे ३.२ वाला दाराबाहेर नाही, आतच आहे. पुढचं शिफारसपत्र, संशोधनाचं काम आणि कुठले विषय घेतले यावर. नोकरीत तर हा आकडा दोन-तीन वर्षांत शिळा होतो. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरच सांगितलं होतं की भरतीसाठी जीपीए निरुपयोगी ठरला.

रोखठोक

अर्धंच वाक्य आणलंत. नुकते पदवी घेऊन बाहेर पडलेले वगळून, असंही ते म्हणाले होते. त्यांच्या बाबतीत थोडासा संबंध दिसतो. आणि इथे आपण नेमकं त्यांच्याचबद्दल बोलतोय.

किमान अट आणि प्रत्यक्ष निवड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ३.० ला अर्ज स्वीकारतात, म्हणजे पैसे भरून घेतात. घेतात कोणाला, ते वेगळं.

शंकासुर

हे मात्र पटलं. प्रिन्स्टन विद्यापीठाचं उदाहरण दोघांनाही लागू पडतं. २००४ मध्ये त्यांनी ठरवलं, ए गटातल्या श्रेणी ३५ टक्क्यांहून कमी असाव्यात. दहा वर्षं रेटलं आणि २०१४ मध्ये सोडून दिलं. मुलांना वाटे की आपण एकट्यानेच शिस्त पाळतोय आणि बाकीची विद्यापीठं मजेत ए वाटताहेत. प्रामाणिक आकडा एकट्याने दाखवून चालत नाही, शेजाऱ्यानेही दाखवावा लागतो. तोवर आडमुठे तत्त्वाने बरोबर आणि रोखठोक व्यवहाराने.

रोखठोक

पोटापाण्याचं व्यवहारावर चालतं. :)

तिसरंसत्र

वाचतेय केव्हाची. तत्त्व राहू द्या, मला मार्ग सांगा. ९० क्रेडिट झाले आहेत, सरासरी ३.२. शेवटची ३० शिल्लक. किती वर जाईल? आणि आत्ता एका अवघड विषयात सी येईल असं दिसतंय. तो सोडून गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची नोंद) घ्यावा का?

आडमुठा

उरलेल्या तिसांत सगळीकडे ए आणलेत तरी ३.४. ९० चं वजन मागे ओढतं. म्हणून आकड्यामागे धावू नका. विषय पुढे लागणारा असेल तर सी घेऊन पुरा करा.

रोखठोक

पूर्ण चुकीचा सल्ला. एकच डब्ल्यू कोणी विचारत नाही, सी मात्र कायम दिसतो आणि सरासरीतही मोजला जातो. सोडा, आणि पुढच्या सत्रात तयारीनिशी परत घ्या.

खडूधारी

दोघांचंही ऐकण्याआधी त्या विषयाच्या शिक्षकांना जाऊन भेटा आणि वर्गाचा मध्य कुठे आहे ते विचारा. सी वाटतोय तो बऱ्याचदा गुण बघून वाटतो. रेघ अजून मारलेली नसते. आणि विषय सोडायची शेवटची तारीख आजच बघून ठेवा, भेट त्याआधी व्हायला हवी.