आरोग्याची पुस्तिका मुले पाठ करतात, पाळत नाहीत: मांडणीत काय बदलावे?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी आरोग्यदायी सवयींवर एक पुस्तिका, काही भित्तिपत्रके आणि कृतिपत्रिका तयार करण्याचे काम शाळेने माझ्याकडे सोपवले आहे. असेच साहित्य मी गेल्या वर्षीही केले होते. त्यात आहार, व्यायाम, झोप, स्वच्छता आणि मोबाइलचा वापर असे पाच विषय होते, प्रत्येकाला चार पाने दिली होती, चित्रेही बरी होती आणि शेवटच्या चाचणीत बहुतेक मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मात्र ‘तुमच्या वयात किती तास झोप आवश्यक आहे?’ या प्रश्नाचे उत्तर नीट अधोरेखित करून लिहिणारा एक मुलगा दहाच मिनिटांत त्याच उत्तरपत्रिकेवर डोके टेकवून झोपी गेला, तेव्हा आपण नेमके काय शिकवले, असा प्रश्न मला पडला.

यंदा तेच पुन्हा करण्याची इच्छा नाही. किडलेले दात, काळवंडलेली फुफ्फुसे अशी चित्रे घालावीत, म्हणजे मुले गांभीर्याने घेतील, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. पुस्तिकेच्या शेवटी उंची-वजनाचा तक्ता असावा, असेही सुचवले गेले आहे. मला दोन्हींबद्दल शंका आहे, पण ती कशाच्या आधारावर मांडावी, हे समजत नाही. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोरा कागद

शैक्षणिक साहित्याचे लेखन आणि संपादन हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे भीतीच्या चित्रांबद्दल आधी लिहितो. 1965 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. धनुर्वाताची लस घ्यावी, म्हणून विद्यार्थ्यांना पुस्तिका देण्यात आल्या. काही पुस्तिकांमध्ये अंगावर काटा येईल असे वर्णन आणि छायाचित्रे होती, तर काहींमध्ये तीच माहिती सौम्य शब्दांत होती. भयंकर पुस्तिका वाचणारे अधिक घाबरले आणि लस घ्यायला हवी, असे त्यांनी अधिक ठामपणे सांगितले, पण प्रत्यक्ष लस घेण्यात दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एका साध्या कागदाने. ज्यांना आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला होता आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात तेथे कधी जाता येईल ते ठरवायला सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होते. हे केंद्र कोठे आहे, हे त्यांतील बहुतेकांना आधीपासूनच ठाऊक असावे, ही यातली खरी गंमत आहे. अर्थात ज्यांना नुसता नकाशा मिळाला आणि पुस्तिका मिळालीच नाही, त्यांच्यापैकी कोणीही गेले नाही, तेव्हा माहिती निरुपयोगी ठरते, असाही याचा अर्थ होत नाही.

आपल्या गेल्या वर्षीच्या पुस्तिकेत माहिती होती, नकाशा नव्हता, असे मला वाटते. ‘पुरेशी झोप घ्या’ हे वाक्य वाचून मुलाने आज रात्री साडेनऊ वाजता नेमके काय करायचे, हे त्यात कोठेच येत नाही. त्याऐवजी ‘दिवा मालवल्यावर तुझा मोबाइल कोणत्या खोलीत असेल?’ असे विचारले आणि उत्तरासाठी एकच रिकामी ओळ सोडली, तर त्याला स्वतःच्या घराचा विचार करणे भाग पडते. प्रत्येक सल्ल्याला ‘केव्हा, कोठे आणि कोणत्या कामानंतर’ हे प्रश्न लावून पाहा. ज्या सल्ल्याला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, तो निःसंकोचपणे गाळा. पाच विषयांचे दोनच उरले तरी बिघडत नाही. वर्षभरात एक सवय लागली तरी ती मोठी गोष्ट समजावी.

भित्तिपत्रकांचेही तसेच आहे. हात धुण्याचे चित्र मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावले जाते, कारण तेथे ते पाहुण्यांना दिसते. ते नळाच्या वर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवे आणि त्यात जंतूंचे हसरे-रडके चेहरे काढण्यापेक्षा अंगठा आणि बोटांची टोके चोळणारे हात मोठे दाखवावेत, कारण घाईत नेमके तेच भाग कोरडे राहतात. नळापाशी साबण नसेल, तर छपाईचा खर्च आधी साबणावर करावा.

तपासणीची खोली

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, परंतु आकडे आणि तक्ता यांविषयी काही लिहिणे आवश्यक वाटते.

झोपेसाठी सरसकट एकच आकडा देऊ नये. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप मिळावी, अशी शिफारस आहे. आपल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत ही सीमारेषा मधूनच जाते, म्हणून दोन्ही मर्यादा द्याव्यात. याच वयात शरीरातील घड्याळ पुढे सरकते आणि झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. मुलाला दहा वाजता झोप येत नाही, ती नेहमी हट्टामुळेच येत नाही, असे समजू नये. पुस्तिकेत हे कारण लिहिलेत, तर मुले ते आवडीने वाचतील, कारण त्यात त्यांची बाजू घेतलेली आहे. सकाळचा उजेड आणि रात्री मंद प्रकाश यांनी हे घड्याळ थोडे मागे आणता येते, हेही तेथेच सांगावे.

उंची-वजनाचा तक्ता मात्र कृपया घालू नये. मुलांच्या वाढीचे आलेख वय आणि लिंग लक्षात घेऊन, तेही अनेक महिन्यांच्या नोंदी जोडून वाचावे लागतात. प्रौढांसाठी ठरवलेल्या बीएमआयच्या मर्यादा त्यांना लागू होत नाहीत. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सामान्यतः मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो, त्यामुळे एकाच बाकावर बसणारी दोन निरोगी मुले या वयात अगदी वेगळी दिसू शकतात. वर्गात तक्ता उघडला, की प्रत्येक जण आधी शेजाऱ्याचा आकडा पाहतो आणि त्या दिवशी पडलेले टोपणनाव दहावीपर्यंत टिकते. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांनी जेवण टाळायला सुरुवात केली, ती अशाच एका तासिकेनंतर. वजन हा पालक आणि डॉक्टर यांच्यातला विषय राहू द्यावा. पुस्तिकेने मुलाच्या हातात असलेल्या कृतींबद्दल बोलावे. दिवसाला सरासरी 60 मिनिटे धाप लागेल अशी हालचाल, ही जागतिक आरोग्य संघटनेची 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठीची शिफारस आहे. ती सलगच व्हावी, अशी अट नाही, हे वाक्य विसरू नये.

भीतीला एक चांगला पर्याय आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील आठवीच्या मुलांना नेहमीचा आरोग्याचा धडा देण्याऐवजी खाद्यपदार्थांच्या कंपन्या लहान मुलांना भुलवण्यासाठी जाहिराती आणि पदार्थ कसे बेततात, ते वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी साखरेचे पदार्थ तुलनेने कमी निवडले. या वयात ‘हे तुझ्या भल्याचे आहे’ यापेक्षा ‘तुला कोणी तरी मूर्ख बनवत आहे’ हे अधिक लागते. एक रंगीत वेष्टन, त्याच्या मागचा पोषणमूल्यांचा तक्ता आणि ‘100 ग्रॅममध्ये साखर किती?’ एवढा प्रश्न, इतक्यात एक उत्तम कृतिपत्रिका तयार होते.

मधली सुट्टी

वर्गशिक्षक म्हणून एक कटू मुद्दा मांडतो. साहित्यात 60 मिनिटांची हालचाल छापायची आणि अभ्यासक्रम मागे पडला, की सर्वांत आधी खेळाचा तास घ्यायचा, हे मुलांना बरोबर दिसते. भरपूर पाणी प्या असे सांगणाऱ्या शाळेत स्वच्छतागृह अस्वच्छ असल्यामुळे मुली दिवसभर पाणी टाळतात, हे मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1995 पासून ‘आरोग्यवर्धक शाळा’ ही कल्पना पुढे नेली, तिच्यात पाठाइतकेच महत्त्व शाळेच्या आवाराला आणि नियमांना आहे. आपल्या संचातील एक पान शिक्षकांसाठी आणि व्यवस्थापनासाठी ठेवावे, एवढीच सूचना.

दुसरी घंटा

मी पालक आहे. आमच्या मुलीला शाळेतून ‘माझा निरोगी महिना’ नावाचा तक्ता मिळाला होता. रोज सहा चौकटींत बरोबरची खूण करायची आणि खाली पालकांनी सही करायची. महिनाअखेरच्या रविवारी रात्री तिने तीस दिवसांच्या खुणा एकाच बैठकीत, एकाच हिरव्या पेनाने केल्या आणि मध्येच दोन चौकटी मुद्दाम रिकाम्या सोडल्या, म्हणजे ते खरे वाटेल. मी सही केली, हेही कबूल करते. त्या तक्त्याला दहा गुण होते, ते तिला मिळाले.

खुणांना गुण ठेवू नयेत, ही विनंती. विचारायचेच असेल, तर आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात कोणत्या दिवशी जमले नाही आणि त्या दिवशी घरात काय चालले होते?’ असे विचारावे. जमले नाही हे उत्तरही जेथे बरोबर धरले जाते, तेथे मुले खरे लिहितात.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. उंची-वजनाचा तक्ता आणि भयंकर चित्रे वगळण्याचा निर्णय घेतला असून, डॉक्टरांची कारणे मी सहकाऱ्यांसमोर ठेवली आहेत. विषय दोनच ठेवत आहे, झोप आणि हालचाल. हात धुण्याचे चित्र फक्त नळापाशी लागेल. खेळाच्या तासाविषयीचे पान मुख्याध्यापकांकडे दिले आहे. त्यावर काय होते, ते पुढे कळवीन. गुणांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण गुण नसलेली वही मुले आणतच नाहीत, असा आमचा अनुभव आहे. त्यावर कोणाला उपाय सुचला, तर अवश्य लिहावे.

झोपेच्या पानाचा कच्चा खर्डा काल सातवीच्या चार मुलांकडून भरून घेतला. ‘रात्री मोबाइल कोठे ठेवशील?’ या प्रश्नाखाली तिघांनी एकच शब्द लिहिला होता, ‘चार्जिंगला’. मी चार्जर कोठे आहे असे विचारले, तेव्हा तिघांनीही उशीशेजारी असल्याचे सांगितले. पानावरचा प्रश्न आता ‘चार्जर कोणत्या खोलीत लावशील?’ असा केला आहे.